पडद्यावरचा होकार

संपादक महोदय,

व्हिडिओ बैठकांमुळे प्रवासाचा वेळ आणि खर्च वाचतो, याविषयी आता वाद उरलेला नाही. मात्र कोणते काम पडद्यावर उरकावे आणि कशासाठी समोरासमोर बसावे, हे बहुतेक कार्यालयांत कामाचे स्वरूप पाहून नव्हे, तर निव्वळ सवयीने ठरते.

संभाषणात एकाचे बोलणे संपल्यापासून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा जेमतेम पाचवा हिस्सा जातो, असे दहा भाषांच्या २००९ मधील अभ्यासात आढळले होते. इंटरनेटवरून आवाज पोहोचायलाच तेवढा वेळ लागू लागला, की दोघे एकदम बोलतात, मग ‘तुम्ही बोला, तुम्ही बोला’ सुरू होते आणि मुळात भिडस्त असलेला माणूस गप्प बसतो. आमच्या एका बैठकीत कामाची मुदत ठरत असताना एका सहकाऱ्याने दोनदा माइक सुरू केला आणि दोनदा बंद केला. अध्यक्षांच्या पडद्यावर सादरीकरण पसरलेले असल्याने त्यांना ते दिसले नाही. माझ्या ते लक्षात आले, पण मीही बोललो नाही. कोणाचा आक्षेप नाही असे समजून मुदत इतिवृत्तात गेली. ती पाळणे शक्य नाही, एवढेच त्याला सांगायचे होते! एका टेबलाभोवती बसलो असतो, तर त्याची चुळबुळ कोणाच्या तरी नजरेला पडली असती.

‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकामध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, पडद्यावरून बोलणाऱ्या जोड्यांना प्रत्यक्ष भेटलेल्या जोड्यांपेक्षा कमी कल्पना सुचल्या, सुचलेल्यांतून चांगली निवडण्यात मात्र त्या मागे पडल्या नाहीत. म्हणजे साप्ताहिक आढावा किंवा तयार पर्यायांतून निवड यासाठी लोकांना प्रवास करायला लावणे अनाठायीच आहे. वाटाघाटी, मतभेद आणि नव्या कामाची आखणी यांसाठी मात्र भेटावे. व्हिडिओ बैठकांवरच उभ्या राहिलेल्या ‘झूम’नेही २०२३ मध्ये कार्यालयापासून ५० मैलांच्या आत राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना आठवड्यातून दोन दिवस कार्यालयात बोलावले, हे पुरेसे बोलके आहे.

सर्वांत वाईट बैठक म्हणजे निम्मे लोक खोलीत आणि निम्मे पडद्यावर. खोलीतले आपसांत हसतात, कुजबुजतात, निर्णयही तिथेच होतो. अशी बैठक टाळता येत नसेल, तर अध्यक्षांनी पडद्यावरच्यांना आधी बोलू द्यावे आणि ‘सर्वानुमते’ असे लिहिण्यापूर्वी प्रत्येकाला नाव घेऊन विचारावे.

– एक वाचक