नोटीस कोणाला जाणार, हे कोण ठरवतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय लोकअदालत जवळ आली की आमच्याकडे ग्रामपंचायतींच्या घरपट्टी-पाणीपट्टीच्या थकबाकीच्या नोटिसा वाटल्या जातात. मागोमाग मयताला नोटीस, पट्टी भरलेल्याला नोटीस अशा तक्रारी येतात आणि ‘संगणकीय चूक’ म्हणून विषय मिटतो. रत्नागिरीत माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. असली पत्रं गठ्ठ्याने काढून देणं हाच माझा धंदा, म्हणून हा खुलासा मला काही पटत नाही.

या नोटिसा एकेक टाइप होत नाहीत. वर्डमध्ये मसुदा असतो, एक्सेलमध्ये नावं, आणि मेल मर्ज दोन्ही जोडतं. कोणाचं पत्र काढायचं ते फिल्टरने ठरतं आणि फिल्टरच्या अटी माणूसच घालतो. ‘वाडी वरची किंवा वाडी खालची आणि थकबाकी शून्याहून जास्त’ अशी अट ऐकायला ठीक वाटते. पण संगणक ‘आणि’ची जोडी आधी लावतो. मग खालच्या वाडीतले थकबाकीदार तेवढे येतात आणि वरच्या वाडीतली झाडून सगळी घरं येतात, पावती फाइलला लावून ठेवलेलीसुद्धा. थकबाकीची अट दोन्ही वाड्यांना वेगवेगळी लावायला हवी. रकमेचा रकाना मजकूर म्हणून भरला असेल तर आणखी मजा: तिथे ९०० हा आकडा १००० पेक्षा मोठा ठरतो, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते.

आपल्या भागाची खास अडचण म्हणजे ‘मिऱ्या’ हे गावाचं नाव. यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक टिंबवाला ऱ घेऊन, दुसरा साध्या र चा पाय मोडून त्यानंतर न दिसणारं जोडचिन्ह टाकून. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही सारखेच. फिल्टरला मात्र ती दोन वेगळी गावं. दोन जणांनी दोन कीबोर्डांवर भरलेली किंवा जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये आणलेली यादी असली की निम्मा मिऱ्या गायब होतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. चुकून गेलेल्या नोटिशीवर ओरड होते. न गेलेल्या नोटिशीची तक्रार कोण करणार?

मयतांचा प्रश्न मात्र लोक समजतात तितका सरळ नाही. ‘मयतांची नावं काढून टाका’ असं सगळेच सांगतात. कोकणात घर आजोबांच्या नावावर, वारस विरार-डोंबिवलीला, वारसनोंद कोणी केलेली नाही, अशी घरं गावोगाव आहेत. मयत गाळले तर त्या घरांची मागणीच बुडते. इथे फिल्टर नको, मसुद्यात ‘जर-तर’ हवं: मयतच्या रकान्यात ‘होय’ असेल तर नावाच्या जागी ‘कै. अमुक यांचे वारस’ छापायचं. वर्डमध्ये ही सोय कित्येक वर्षांपासून आहे. तसं न केल्यामुळे दुकानात येऊन म्हातारी विचारते, “बाय, म्हाताऱ्याला कोर्टाचं बोलावणं आलंय, तो तर कधीच गेला, आता कोणी जायचं?” खरं तर बोलावणं तडजोडीसाठी असतं, पण गावात कोर्टाचा कागद म्हटला की घरातल्यांची झोप उडते. आणि मयतच्या रकान्यात ‘नाही’ असलेलेच घ्या, अशी अट घातली तर रकाना कोरा असलेली हयात माणसंही यादीतून जातात. आमच्याकडे येणाऱ्या याद्यांत तर बहुतेक रकाने कोरेच.

शिवाय वर्डच्या मसुद्याबरोबर त्याचा फिल्टरही सेव्ह होतो. गेल्या वर्षीची फाइल उघडून नुसती तारीख बदलणाऱ्यांना हे ठाऊक नसतं.

माझी मागणी लहानशी आहे. नोटिसा छापण्याआधी लावलेली अट साध्या मराठीत कागदावर लिहावी आणि तिच्याखाली ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची सही असावी. आमच्यासारख्या दुकानदाराने आपल्या अंदाजाने अट लावायची, हे बंद झालं पाहिजे. दुसरं, गाळलेल्या नावांचीही यादी काढावी. तांदूळ चाळल्यावर चाळणीखाली काय पडलं ते आपण बघतोच ना? एकूण नावं, निवडलेली नावं आणि गाळलेली नावं यांचा मेळ बसल्याशिवाय प्रिंटरला कागद लावू नये. आणि दोन्ही याद्या ग्रामपंचायतीच्या शिपायाला वाचून दाखवाव्यात. वाटप त्यालाच करायचं असतं. कोण वारलं, कोणाचं घर बंद आहे, कोणी परवा पट्टी भरली, हे त्याला एक्सेलच्या कितीतरी आधी कळलेलं असतं.

– एक टायपिंगवाली, रत्नागिरी