बटण आधी बसवावे लागते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘ध्वनिलहरींनी कर्करोगपेशींतली जनुके चालू केली’ अशा आशयाच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. त्यांत एक गोष्ट हमखास राहून जाते. लहरींनी जे जनुक चालू होते, ते रुग्णाच्या गाठीत मुळात नसतेच. प्रयोगशाळेत ते आधी पेशींत घालावे लागते.

ध्वनिलहरी एका जागी एकवटल्या की तिथल्या पेशी तापतात. पेशी तापली की स्वतःला सावरण्यासाठी ठरावीक प्रथिने बनवते. फेरुचियो रितोसा यांनी १९६२ मध्ये फळमाशीच्या गुणसूत्रांवर उष्णतेने आलेले फुगवटे नोंदवले, तिथून हे ज्ञान सुरू झाले. या प्रथिनांपैकी एचएसपी-७० च्या जनुकाचा प्रोमोटर, म्हणजे त्याचे बटण, वेगळे काढून त्याच्यापुढे हवे ते जनुक जोडतात. अमेरिकेत पीटर यिंगशाओ वांग यांच्या गटाने २०२१ मध्ये असे बटण कार-टी पेशींत, म्हणजे कर्करोग ओळखून मारण्यासाठी जनुक बदललेल्या प्रतिकारपेशींत, बसवून उंदरांवर प्रयोग केले. पुढे कर्करोगपेशींतच क्रिस्पर ही डीएनए कापणारी कात्री बसवून, उष्णतेने त्यांची टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्रांची टोके, तोडून दाखवली. पण त्या पेशी उंदरात टोचण्यापूर्वीच तयार केलेल्या होत्या. माणसाच्या यकृतातल्या गाठीत प्रत्येक पेशीपर्यंत हे जनुक कसे पोचवायचे, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही.

दुसरी गफलत तापमानाची. एकवटलेल्या तीव्र ध्वनिलहरींनी गाठ जाळणारा ‘हायफू’ उपचार वेगळा. त्यात ५५ अंशांच्या वर काही सेकंदांत ऊती मरतात. इथे ४३ अंशांच्या आसपास काही मिनिटे थांबायचे असते, आणि तेच अवघड आहे. उष्णतेची मात्रा ‘४३ अंशांवरची मिनिटे’ या मापाने मोजतात. त्याच्यावर दर अंशाला मात्रा दुप्पट होते, खाली दर अंशाला चौथाई उरते. दहा मिनिटे ४३ अंश म्हणजे १० मिनिटे. तेवढाच वेळ ४१ अंश राहिले तर जेमतेम ०.६ मिनिट, बटण दबतच नाही. ४८ झाले तर ३२० मिनिटे. ऊती मरण्यासाठी २४० ही मर्यादा धरतात, म्हणजे जनुक चालू होण्याआधी पेशीच संपली.

हा नेम उंदरात साधतो, कारण गाठ कातडीखालीच असते. मऊ ऊतीत दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झमागे सुमारे अर्धा डेसिबल शक्ती घटते. दीड मेगाहर्ट्झची लहर पाच सेंटिमीटर खोल जाईपर्यंत निम्मीही उरत नाही, दहा सेंटिमीटरवर पाचवा हिस्साही नाही. वाटेत बरगडी आली तर आधी तीच तापते. शेजारून मोठी रक्तवाहिनी जात असेल तर ती उष्णता वाहून नेते आणि गाठीची ती कड थंड राहते. कातडी आणि लहर सोडणाऱ्या प्रोबमधल्या जेलमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर लहर तिथूनच परतते आणि कातडी भाजते. म्हणून केस काढणे आणि हवा काढलेले पाणी वापरणे ही किरकोळ वाटणारी कामे चुकवून चालत नाही. तापमान मोजायला धातूची तार लहरींच्या वाटेत ठेवली तर तार स्वतःच तापते आणि आकडा फुगतो. एमआरआयने मोजता येते, पण ती पद्धत पाण्यातल्या प्रोटॉनवर चालते. चरबीत फसते, श्वासाने हलते.

बटणही सरळ नाही. ऑक्सिजनच्या कमतरतेने, म्हणजे गाठीत नेहमी असणाऱ्या ताणानेही ते थोडे दबते. बटणापुढे डीएनए कापून जोडणाऱ्या ‘क्री’ एन्झाइमचे जनुक जोडले असेल तर डीएनएत झालेला बदल कायमचा; चुकून एकदा दबले की परत बंद करता येत नाही.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या ‘नेक्सकार-१९’ चा या बातम्यांशी संबंध जोडला जाण्याची शक्यता आहे. ती रक्ताच्या कर्करोगांसाठीची कार-टी उपचारपद्धती आहे, तिच्यात उष्णतेचे बटण नाही. कार-टी घेतलेल्या अनेक रुग्णांना सायटोकाइनमुळे, म्हणजे प्रतिकारपेशी सोडतात त्या संदेश-प्रथिनांमुळे, सडकून ताप येतो, कधी ४० अंशांपर्यंत. असा ताप मिनिटांऐवजी तासन्‌तास राहिला तर उष्णतेची मात्रा साचत जाते. तेव्हा अशा बटणाची पुढची बातमी आली की त्यात एवढे तरी छापावे: ताप ४० पर्यंत गेला तेव्हा ते बटण गप्प राहिले का?

आपले,
वैद्यकीय भौतिकशास्त्राचे दोन अध्यापक, पुणे