‘तेवढी व्हॅल्यू बसते का बघा’: मूल्यांकनकारांच्या कायद्यासाठी अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
श्रीमती निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थ आणि कंपनी व्यवहार मंत्री, नवी दिल्ली

महोदया,

सप्रेम नमस्कार. मी महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी जमीन आणि इमारतींचे मूल्यांकन करतो. बँकेचे तारण, आयकराचा भांडवली नफा, भावकीतल्या वाटण्या, सगळ्याला आमचा रिपोर्ट लागतो. अर्थ आणि कंपनी व्यवहार ही दोन्ही खाती आपल्याकडे असल्यामुळे हे पत्र दुसऱ्या कुणाला लिहिण्यात अर्थ नाही.

आमच्या कामात अवघड भाग मोजमापाचा नसतो. मध्यंतरी गुंठेवारीतले एक दुमजली घर पाहिले. खरेदीखतातल्या चतुःसीमेत पूर्वेला नऊ मीटरचा रस्ता. जागेवर टेप धरली तर जेमतेम सहा भरला, त्यातही शेजाऱ्याचा जिना पुढे आलेला. मंजूर नकाशात फक्त तळमजला. वरचा मजला उत्तम बांधलेला, पण कागदावर तो नाहीच. घर पाहून ऑफिसला पोचायच्या आत शाखेतून फोन आला : “पार्टी चांगली आहे साहेब, पंचेचाळीस बसतात का बघा.” मी छत्तीस लाख लिहिले आणि मंजुरी नसलेला मजला का धरला नाही, तेही लिहिले. त्या शाखेचे काम मला पुन्हा आले नाही. कोणी पत्र दिले नाही, पॅनेलवरून, म्हणजे बँकेच्या मूल्यांकनकारांच्या यादीवरून, नावही काढले नाही. फोन यायचे थांबले, एवढेच.

रिझर्व्ह बँकेने गृहकर्जाला मर्यादा घातली आहे : 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या 90 टक्के, 75 लाखांपर्यंत 80, त्यापुढे 75. सावधगिरी चांगलीच. पण ही सगळी सावधगिरी टक्क्यांत आहे, आणि टक्के ज्या किमतीवर काढायचे ती किंमत लिहिणारा माणूस पुढच्या कामासाठी त्याच शाखेच्या तोंडाकडे बघत असतो. शाखेला कर्जवाटपाचे टार्गेट गाठायचे असते, एजंटाला कमिशन हवे असते, कर्जदाराला रक्कम. छत्तीसचे पंचेचाळीस झाल्याने त्या दिवशी कुणाचेच नुकसान होत नाही. ते कळते खाते बुडल्यावर, लिलावाला बोली लावणारा मिळत नाही तेव्हा. मग चौकशीत पहिला प्रश्न येतो, रिपोर्ट कोणी दिला?

मोठ्या मालमत्तांची व्यवस्था तुलनेने बरी आहे. 50 कोटी आणि त्यावरच्या मालमत्तेला बँकांनी किमान दोन स्वतंत्र मूल्यांकने घ्यावीत, असे रिझर्व्ह बँक सांगते. बुडालेल्या कंपन्यांसाठीच्या दिवाळखोरी संहितेतही दोन नोंदणीकृत मूल्यांकनकार लागतात आणि दोघांच्या आकड्यांत मोठी तफावत पडली तर तिसरा नेमता येतो. साध्या घराच्या तारणाला मात्र बहुतेक वेळा एकच रिपोर्ट, आणि तोही “उद्या सकाळपर्यंत द्या” म्हणून.

आमची नोंदणी हा आणखी एक घोळ. संपत्ती कर 2015 च्या अर्थसंकल्पात गेला, पण त्याच 1957 च्या कायद्यातल्या कलम 34 एबीखालची मूल्यांकनकारांची नोंदणी मागे उरली. दुसरीकडे 2013 च्या कंपनी कायद्याचे कलम 247 आणि 2017 चे नियम आले. पन्नास तासांचा अभ्यासक्रम, परीक्षा, दिवाळखोरी मंडळाकडे नोंदणी. बँकांची पॅनेले या दोन्हींहून निराळी, प्रत्येकीचे निकष आपापले. सनदी लेखापालांना 1949 पासून आणि वास्तुविशारदांना 1972 पासून स्वतःचा कायदा आहे. आम्हाला नाही.

तो यावा म्हणून आपल्याच मंत्रालयाने 2019 मध्ये दिवाळखोरी मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष एम. एस. साहू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने 2020 मध्ये मूल्यांकनकार विधेयकाचा मसुदा दिला आणि मूल्यांकनकारांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन करण्याची शिफारस केली. त्यानंतर सारे शांत आहे.

यात आमच्या पुढाऱ्यांचाही वाटा आहे, हे लपवत नाही. आमच्या संघटना भरपूर, अधिवेशने दणक्यात होतात, शाल-श्रीफळ वेळेवर मिळते. पण कोणत्या पदवीवाल्याला कशाचे मूल्यांकन करता यावे यावरून जितके भांडण होते, त्याच्या दहाव्या हिश्शानेही शाखेतून येणाऱ्या फोनबद्दल कोणी बोलत नाही. बोलणाऱ्याचे काम जाते, हे व्यासपीठावरच्यांनाही ठाऊक असते.

अमेरिकेत बचत आणि कर्ज संस्था कोसळल्यावर 1989 च्या कायद्याने मूल्यांकनकारांच्या परवान्यांची चौकट आली. 2008 च्या पडझडीनंतर, 2010 च्या डॉड-फ्रँक कायद्याने मूल्यांकनकारावर हवा तो आकडा काढण्यासाठी दबाव आणणे बेकायदा ठरवले. दोन्ही वेळा आधी ठेच लागावी लागली.

आपण विधेयक येत्या अधिवेशनात मांडावे आणि त्यात अपेक्षित आकडा सुचवणे हा गुन्हा धरावा, सुचवणारा बँकेचा अधिकारी असो की एजंट. बँकेचे काम कोणत्या मूल्यांकनकाराला जायचे हे शाखेने ठरवू नये. ते मुख्य कार्यालयातून आळीपाळीने वाटले जावे, फीही तिथूनच मिळावी. जाणूनबुजून फुगवलेल्या रिपोर्टला कडक शिक्षा हवीच, पण प्रामाणिक मतभेदाला तीच कलमे लावू नयेत. एकाच फ्लॅटला दोन जाणकार दोन-चार टक्क्यांनी वेगळे आकडे देऊ शकतात.

मसुद्यावर पुन्हा सूचना मागवायच्या असतील तर एक सुनावणी पुण्यात किंवा नागपुरात ठेवा. तालुक्याच्या गावी काम करणारे आमचे लोक दिल्लीपर्यंत पोचत नाहीत. ते येतील ते आपले जुने रिपोर्ट आणि जागेवरचे फोटो घेऊनच येतील.

कळावे,
आपला,
एक नोंदणीकृत मूल्यांकनकार