परिचर्येच्या प्रश्नसंचावर साल छापा

संपादक महोदय,

ठाणे-वाशीकडच्या पुस्तकांच्या दुकानांत जीएनएम (नर्सिंगची पदविका), बीएस्सी नर्सिंग आणि अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) भरतीसाठी वस्तुनिष्ठ प्रश्नांची गाइडे ढिगाने मिळतात, आणि त्याहून अधिक पीडीएफ विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर फिरत असतात. प्रश्न सोडवून अभ्यास करायला आमची ना नाही. तक्रार अशी की यातल्या बऱ्याच संचांत प्रश्न कोणत्या सालचा हे लिहिलेले नसते, उत्तरापुढे कारण नसते आणि उदाहरणातली साधने आपल्या वॉर्डात सापडत नाहीत. याचे परिणाम गुणपत्रिकेपुरते राहिले असते तर हे पत्र लिहिले नसते.

सलाइनचेच गणित घ्या. ५०० मिलिलिटर ४ तासांत द्यायचे तर मिनिटाला किती थेंब? परदेशी पुस्तकातून उचललेल्या प्रश्नात १ मिलिलिटरला १५ थेंब धरतात आणि उत्तर येते ३१. आपल्याकडच्या साध्या आयव्ही सेटच्या पाकिटावर सहसा २० थेंब छापलेले असतात. म्हणजे ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटे, उत्तर ४२. या सेटवर ३१ ची गती ठेवली तर तीच बाटली ५ तास २० मिनिटांच्या वर चालते. लहान मुलांच्या मायक्रो सेटला ६० थेंब, आणि तिथे आयती सोय आहे: मिनिटाला जितके थेंब, तासाला तितकेच मिलिलिटर. सेट कोणता हे न सांगणारा प्रश्न अपुरा समजावा. पर्यायांवर टिक करण्याआधी पाकीट उलटून बघायचे, ही सवय प्रश्नानेच लावायला हवी.

इन्सुलिनच्या बाबतीत चूक जिवावर बेतू शकते. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन ४० युनिट प्रति मिलिलिटर आणि १०० युनिट प्रति मिलिलिटर अशा दोन्ही ताकदींत मिळते. ४० साठी लाल टोपणाची सिरिंज, १०० साठी केशरी. परदेशी संचात फक्त १०० चाच विचार असतो, त्यामुळे सिरिंज जुळवण्याचा प्रश्नच येत नाही. प्रत्यक्षात १०० ताकदीचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढले तर आत अर्धा मिलिलिटर येतो, म्हणजे ५० युनिट. मागितले त्याच्या अडीचपट, आणि रुग्णाची साखर झपाट्याने खाली. उलट चूक केली, म्हणजे ४० चे इन्सुलिन केशरी टोपणात २० पर्यंत घेतले, तर जातात फक्त ८ युनिट. चार पर्यायांत २०, ८, ५० आणि ‘सिरिंज बदलून मगच द्यावे’ असे देऊन बघा, वर्गात कोणाला समजले आहे ते लगेच कळेल.

आता शिळ्या उत्तरांबद्दल. क्षयरोगात रुग्णांच्या कॅटेगरी एक, दोन, तीन आणि आठवड्यातून तीन दिवस गोळ्या, हे अजून ‘हमखास येणारे प्रश्न’ म्हणून छापले जाते. देशभर २०१७ पासून वजनानुसार रोज गोळ्या आहेत: साध्या, औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगात पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. दुसऱ्या कॅटेगरीतले स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन गेले, आणि २०२० मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाच्या नावातही ‘नियंत्रण’ऐवजी ‘निर्मूलन’ आले. जुने पाठ करून वस्तीत गेलेली मुलगी रुग्णाला ‘दिवसाआड घेतले तरी चालते’ असे सांगून येईल. पोलिओच्या इंजेक्शनचेही तेच. त्वचेत द्यायच्या ०.१ मिलिलिटरच्या डोसांची संख्या दोन, असे उत्तर छापलेले असते. २०२३ पासून तिसरा डोस नवव्या महिन्यात आहे. धनुर्वाताच्या टीटी लसीची जागा टीडीने (धनुर्वात आणि घटसर्प दोन्हींवरची लस) घेतली आहे. ओआरएसमधले (जुलाबात द्यायच्या क्षार-साखरेच्या पाण्यातले) सोडियम लिटरला ९० नव्हे, ७५ मिलिमोल, आणि ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या घटकांची एकूण तीव्रता) ३११ नव्हे, २४५.

भरती परीक्षेच्या उत्तरतालिकेतच जुने उत्तर असेल तर काय करायचे, असे विद्यार्थी विचारतात आणि त्यांचे बरोबर आहे. हरकतीची मुदत असेल तिथे चालू मार्गदर्शक सूचनेचे पान जोडून हरकत घ्यावी. वॉर्डात मात्र जुने उत्तर चालणार नाही.

ओआरएसच्या प्रश्नातली आणखी एक उणीव. संचात ‘एक पाकीट, एक लिटर पाणी’ एवढेच असते. औषधाच्या दुकानात २०० मिलिलिटरसाठीची छोटी पाकिटेही मिळतात. छोटे पाकीट लिटरभर पाण्यात घातले तर मिश्रण पातळ होऊन उपयोग नाही, आणि मोठे पाकीट पेलाभर पाण्यात घातले तर क्षार वाढून बाळाला धोका. आईला समजावताना परिचारिका आधी पाकिटावरची ओळ वाचून दाखवते का, हे विचारणारा प्रश्न आम्हाला एकाही गाइडात दिसला नाही. सोबत झिंक १४ दिवस (सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०), हेही जुलाब थांबल्यावर सोडून देतात.

लसींच्या कुपीवरच्या व्हीव्हीएमवर (उष्णतेने रंग बदलणाऱ्या खुणेवर) हमखास प्रश्न असतो: आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की कुपी टाकून द्यायची. बरोबर. पण व्हीव्हीएम फक्त उष्णता दाखवतो. पेंटाव्हॅलंटची (पाच रोगांवरच्या एकत्रित लसीची) कुपी फ्रीजच्या बर्फाला टेकून गोठली तर व्हीव्हीएम उत्तम दिसेल आणि लस मात्र निकामी झालेली असेल. हा पर्याय दिला की घोकंपट्टी उघडी पडते.

सार्वजनिक आरोग्यात व्याख्यांवर भर आणि गणिताला बगल, असा प्रकार आहे. चाचणीची संवेदनशीलता (आजाऱ्यांपैकी किती जण पॉझिटिव्ह येतात) म्हणजे काय, हे सगळ्यांना तोंडपाठ. पण शिबिरात १००० लोक तपासले, आजार २ टक्क्यांना आहे, चाचणीची संवेदनशीलता ९० टक्के आणि विशिष्टता (निरोगींपैकी किती जण निगेटिव्ह येतात) ९५ टक्के, तर पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी खरे आजारी किती? २० आजाऱ्यांपैकी १८ सापडले, ९८० निरोगींपैकी ४९ उगाच पॉझिटिव्ह. ६७ मधले १८, म्हणजे साधारण २७ टक्के. आजार २० टक्क्यांना असता तर हाच आकडा ८२ च्या आसपास गेला असता. कागदावर पाच मिनिटांत होणारे काम आहे, आणि शिबिराचा रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेल्या माणसाशी काय बोलायचे, ते यातूनच सुचते.

डेंग्यूसाठी तर आपल्याइतके आयते उदाहरण कुठे मिळणार! नेरूळ किंवा घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत २०० घरे तपासली, १२ घरांत अळ्या, ५०० भांड्यांपैकी १५ मध्ये अळ्या. घर निर्देशांक (१०० घरांमागे अळ्यांची घरे) ६, भांडी निर्देशांक (१०० भांड्यांमागे अळ्यांची भांडी) ३, ब्रेटो निर्देशांक (१०० घरांमागे अळ्यांची भांडी) ७.५. मग पुढचा प्रश्न: पाणी ओतून दिले तरी पुढच्या पावसात त्याच भांड्यात अळ्या का? कारण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. भांडे घासावे लागते.

आणि जिल्हा म्हणजे फक्त टॉवर नव्हेत. शहापूर-मुरबाडकडे सर्पदंश येतात. वीस मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीला काचेची, स्वच्छ, कोरडी नळी लागते. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी घेतली तर चांगले रक्तही गोठत नाही आणि चुकीचा निष्कर्ष निघतो. दोन मिलिलिटर रक्त, वीस मिनिटे हात लावायचा नाही, मग एकदाच तिरके करून बघायचे; गोठले नसेल तर विष रक्तात भिनले असे धरायचे. रक्त गोठले म्हणून रुग्णाला घरी पाठवायचे नाही: मण्यार आणि नागाच्या दंशात विष मज्जातंतूंवर चालते, म्हणून रक्त गोठते, पापण्या मात्र जड होतात. प्रतिविषाचा डोस मुलाला आणि मोठ्याला सारखाच, कारण सापाने सोडलेले विष वजन बघून सोडलेले नसते. ‘वजनानुसार’ हा पर्याय का चूक, ते एका ओळीत लिहायला कितीशी जागा लागते?

प्रकाशकांना आणि क्लासचालकांना एवढेच सांगणे आहे: प्रत्येक प्रकरणावर साल छापा, चुकीच्या प्रत्येक पर्यायापुढे कारण द्या आणि साधन कोणते ते प्रश्नातच लिहा. तोवर विद्यार्थ्यांनी गाइड घेण्याआधी दुकानात उभ्या-उभ्या दोन प्रश्न शोधावेत: क्षयरोगाच्या गोळ्या आठवड्यातून किती दिवस, आणि पोलिओच्या इंजेक्शनचे डोस किती. पहिल्याचे उत्तर तीन आणि दुसऱ्याचे दोन असेल, तर पुस्तक परत ठेवावे.

आपल्या,
सामुदायिक आरोग्य परिचर्या शिकवणाऱ्या काही अध्यापिका,
ठाणे व नवी मुंबई