शाळेचा पहिला फोन तक्रारीचा नसावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

निकाल, प्रवेश, शुल्कवाढ यांवर वृत्तपत्रांत पुष्कळ लिहिलं जातं. पण मुलाचं काहीतरी बिनसायला लागलंय हे पहिल्यांदा दिसतं, तेव्हा शाळा घरच्यांशी कधी आणि काय बोलते, याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. प्राथमिक वर्गांना बरीच वर्षं शिकवल्यानंतर माझं मत असं झालं आहे की शाळा उशिरा बोलते, आणि बोलते तेव्हा तक्रार म्हणून बोलते.

सुरुवात अगदी किरकोळ असते. फळ्यावरचं उतरवून घेताना एखादी ओळ सुटते. मोठ्याने वाचायची पाळी जवळ आली की नेमकी तहान लागते. पोट दुखतं ते शाळेच्या दिवशीच, सुट्टीच्या दिवशी नाही. वहीच्या पहिल्या पानावरचं रेखीव अक्षर तिसऱ्या पानापर्यंत पार विस्कटतं. यातली कुठलीच गोष्ट घरी फोन करण्याएवढी मोठी नसते, म्हणून फोन होत नाही. मग दोन चाचण्यांत गुण घसरले की डायरीत शेरा येतो: 'लक्ष नसते. पालकांनी येऊन भेटावे.' तोवर निम्मं वर्ष सरलेलं असतं आणि 'मला नाहीच जमत' हे मुलाने मनाशी पक्कं केलेलं असतं.

'लक्ष नसते' या शेऱ्याचा मला खरोखर राग येतो. कानाच्या पडद्यामागे द्रव साठला की लहान मुलाला कमी ऐकू येतं, आणि तेही कमीजास्त होत राहतं. आज हाकेला वळतं, उद्या वळत नाही. मग 'मुद्दाम करतो' असं ठरतं. दूरचं नीट न दिसणाऱ्या मुलाला वाटतं की फळा सगळ्यांनाच असा धूसर दिसतो. ते सांगणार तरी काय? अपस्माराच्या एका प्रकारात मूल काही सेकंद टक लावून बसतं, हाक मारली तरी उत्तर देत नाही, आणि लगेच पुन्हा लिहू लागतं. वर्गात ही तंद्रीच वाटते. घरात आजारपण असेल, भांडणं असतील, तर तेही वर्गात 'लक्ष नाही' असंच दिसतं.

शिक्षकाने निदान करावं असं मी म्हणत नाही. करूच नये. पण काय दिसलं, किती वेळा, कुठल्या तासाला, हे टिपून ठेवणं त्याला जमतं. वर्गभर समवयस्कांमध्ये ते मूल रोज त्यालाच दिसतं. आईवडिलांना तुलनेला फार तर एखादं भावंड असतं. १८९६ साली डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. मुलगा हुशार, पण साधे शब्दही वाचता येत नव्हते. त्याला शिकवणाऱ्या मास्तरांचं म्हणणं त्यात नोंदवलंय: सगळं शिक्षण तोंडी असतं, तर हा शाळेतला सर्वांत चलाख मुलगा ठरला असता. किती नेमकं पाहिलं होतं त्यांनी! आज आपण याला डिसलेक्सिया म्हणतो, पण मास्तरांना या नावाची गरज पडली नाही.

नाव मिळेपर्यंत थांबायचं, ही सवय मात्र अजून सुटलेली नाही. अमेरिकेत बुद्ध्यांक आणि प्रत्यक्ष प्रगती यांतली दरी पुरेशी रुंदावल्याशिवाय अनेक मुलांना मदत मिळत नसे. ही अट राज्यांनी सक्तीची करू नये असं २००४ च्या कायद्याने ठरवलं. फिनलंडने २०११ पासून मदतीच्या तीन पायऱ्या केल्या, आणि वरची पायरी चढण्यासाठीही डॉक्टरांचा कागद आधी आणावा लागत नसे. मनाच्या आजारांचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना सांगते की त्यांतले एक तृतीयांश वयाच्या चौदा वर्षांच्या आत आणि निम्मे अठरा वर्षांच्या आत सुरू होतात, आणि बरेचसे लक्षातच येत नाहीत. म्हणजे ते सुरू होतात तेव्हा मूल शाळेत असतं.

आता फोनबद्दल. 'तुमचा मुलगा वर्गात मागे पडतोय' हे ऐकलं की पालक एक तर मुलाची बाजू घेऊन भांडतात किंवा घरी जाऊन त्याला बदडतात. ज्यांना स्वतःला शाळेत बोलणी खावी लागली, ते तर फोनवर शाळेचं नाव दिसलं तरी धास्तावतात. त्याऐवजी 'गेले दोन आठवडे तो मोठ्याने वाचायचं टाळतोय, घरी तुम्हाला काही जाणवतं का?' असं विचारलं, तर बहुतेक वेळा पलीकडून इतकं काही कळतं की ऐकत राहावं. रात्री झोप लागत नाही, बसमध्ये कुणी तरी छळतं, आजी गेल्यापासून गप्प असतो. यातलं शाळेला काही ठाऊक नसतं आणि शाळेत काय चाललंय ते घराला ठाऊक नसतं.

शिक्षकांना वेळ कुठे आहे, असं कुणी म्हणेल. रास्त आहे. नोंदी, अहवाल, बैठका यांतून डोकं वर काढायला सवड नसते, हे मी सोसलंय. म्हणूनच हे एकेका शिक्षकाच्या चांगुलपणावर सोडू नये. मुख्याध्यापकांनी यासाठी वेळापत्रकात तास राखून ठेवावा, आणि पालकांना एकच माणूस नेमून द्यावा, नाहीतर तीच कहाणी वर्गशिक्षक, समुपदेशक, पर्यवेक्षक यांना तीनदा सांगावी लागते. भेटीची वेळही कामावरची रजा न घालवता येता येईल अशी हवी. काही वेळा शंका फोल ठरेल. ठरू दे, एक फोन वाया गेला एवढंच.

राहता राहिला दुसरा फोन, जो जवळपास कुणीच करत नाही. पहिल्या बोलण्यातच पुढची तारीख ठरवावी आणि त्या दिवशी शाळेने स्वतःहून विचारावं. फरक नसेल, तर कान, डोळे की समुपदेशन, आधी कुठे दाखवायचं आणि शाळा सोबत कुठल्या नोंदी देईल, ते स्पष्ट सांगावं. फरक पडला असेल तर तेवढं सांगण्यापुरता तरी फोन करावाच.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका