सायलीच्या ताटाबद्दल, मंदारला

दापोली

चि. मंदार यास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहिते. सायली रात्रीचं जेवण सोडून नुसतं जिऱ्याचं पाणी पिऊन झोपते आणि "आई, तू जरा तिला सांग" असं तू म्हणालास. मी तिला काही सांगणार नाही. तिला सांगणारे पुष्कळ आहेत, बारशाला आलेल्या प्रत्येकीने काही ना काही सांगितलंच. मी तुला सांगणार आहे, कारण ओट्यापाशी उभं राहायची पाळी आता तुझी आहे. माहेरी तिच्या आईने गरम ताट हातात दिलं. तुमच्याकडे आल्यापासून ती एका हाताने बाळ सांभाळत दुसऱ्या हाताने बिस्किटं खाते, ते मला व्हिडिओ कॉलवर दिसतं.

आधी वजनाचं बोलू. गरोदरपणात वाढलेल्या वजनात बाळ, वार, गर्भजल, वाढलेलं रक्त असं सगळं आलं. त्यातलं पाच-सहा किलो बाळंतपणातच उतरतं, पुढच्या काही आठवड्यांत अंगावरची सूज ओसरते, गर्भाशय पूर्ववत व्हायला साधारण सहा आठवडे लागतात. मागे राहते ती चरबी, आणि शरीराने ती बाळाला पाजण्यासाठीच साठवलेली असते. फक्त अंगावर पिणारं मूल दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध पितं. त्यात ५०० कॅलरी जातात. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते की पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला नेहमीपेक्षा रोज ६०० कॅलरी आणि सुमारे १७ ग्रॅम प्रथिनं जास्त हवीत. आणि आपल्या घरात ती एक वेळचं जेवण सोडून बसली आहे. तेवढ्याने दूध लगेच आटणार नाही, झीज होईल ती तिची.

बाळ आत्ता साडेतीन महिन्यांचं आहे. नऊ महिने लागले वजन वाढायला, उतरायलाही तेवढे लागू देत, वर्ष लागलं तरी हरकत नाही. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त वजन उतरवायच्या मागे ती लागली, तर तू मध्ये पड. कोणाचे तरी आधीचे आणि नंतरचे फोटो ती फोनवर बघत असते ना, त्या बाईचं सिझर झालं होतं का, ती पाजत होती का, घरात हाताखाली किती माणसं होती, हे त्या फोटोत कळत नाही.

आता लाडू. डिंकाच्या लाडवांचा डबा तिने कपाटात मागे सारून ठेवलाय म्हणालास. लाडवांचा दोष नाही रे. डिंक, खारीक, सुकं खोबरं, खसखस, तूप, गूळ, एकेक जिन्नस चांगला आहे. पण एक मध्यम लाडू दोनशे कॅलरींच्या घरात जातो. पूर्वीची बाळंतीण सव्वा महिन्यानंतर विहिरीवर आणि शेतावर जायची, तिच्या कष्टांच्या मानाने ते प्रमाण ठरलेलं होतं. आजच्या मुलीने तीन लाडू खाल्ले की वरच्या ६०० कॅलरी भरल्या, पण भाजी, वरण, अंडं काहीच पोटात गेलं नाही. म्हणून रोज एक, तोही चार वाजता बिस्किटांच्या जागी. साखरेची तपासणी होईपर्यंत अर्धाच, ते पुढे सांगते.

हळिवाचे लाडू तू स्वतः कर, अवघड नाहीत. अर्धी वाटी हळीव नारळाच्या पाण्यात दोन तास भिजत घाल. मोठ्या भांड्यात घाल, फुगून बुळबुळीत गोळा होतो. मग एका मोठ्या नारळाचा चव आणि वाटीभर चिरलेला गूळ घालून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ढवळत राहा. कडेने सुटायला लागलं की गॅस बंद, वर जायफळ किसून घाल. कोमट असतानाच वळ, लिंबाएवढे लहान. ओल्या नारळाचे आहेत, म्हणून फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपव. दुकानातून शतावरी कल्प आणलास, त्याचं वेष्टन उलटून बघ, बहुतेकांत साखरच जास्त असते. दूध येतं ते बाळ वरचेवर ओढतं म्हणून. तिने पोटभर जेवून, पाणी पिऊन बाळाला मागेल तेव्हा घ्यावं, यासारखं औषध नाही.

बाळंतिणीचं जेवण म्हटलं की सगळ्यांना लाडू आठवतात. मला आठवते ती पेज. तांदळाच्या कण्या आणि चमचाभर भिजवलेल्या मेथ्या एकत्र शिजवायच्या, वर चमचाभर तूप. सकाळी आठला एक वाडगा प्यायली की ती बाराला बिस्किटांचा पुडा फोडणार नाही. दुपारी नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी, पोळ्यांना येणाऱ्या मावशींना सांगून ठेव. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. भाकरीबरोबर लसणीची फोडणी दिलेली मेथी किंवा शेपू, मुगाचं घट्ट वरण, काकडी. रात्री गुरगुट्या भात, मेतकूट, दुधीची भाजी, आणि दिवसभरात दोन अंडी. दोन अंडी आणि एक वाटी घट्ट वरण झालं की ती वरची १७ ग्रॅम प्रथिनं आली. तारली, बांगडे मिळाले तर जरूर आण, तव्यावर थोड्या तेलात. रात्री उठून पाजताना तिला भूक लागते, तेव्हा उशाशी फुटाण्यांचा डबा आणि पाण्याचा तांब्या भरून ठेवणं हे तुझं काम.

जेवणानंतर बाळंतशेपा, ओवा, तीळ भाजून चिमूटभर दे. त्याने वजन उतरत नाही, पण सिझरनंतर पोट फुगतं त्याला बरं वाटतं.

कोणी म्हणेल, पाणी कमी पी म्हणजे पोट सुटणार नाही. कोणी म्हणेल, फळं खाल्ली की बाळाला सर्दी होते, डाळ वातूळ, पालेभाजीने बाळाला हिरवी शी होते. नोकरीत घरोघरी फिरताना मी नुसत्या भातावर आणि गुळाच्या चहावर ठेवलेल्या बाळंतिणी पाहिल्या आहेत. खालची पापणी ओढून बघितली की आत लाली नाही, पांढरट गुलाबी. घरच्यांना वाटायचं, आम्ही पथ्य सांभाळतोय. त्यांनी मायेनेच केलेलं असायचं आणि ते बघून माझ्या पोटात कालवायचं. पाणी तहान लागेल तेवढं पिऊ दे, पेरू, पपई, संत्रं रोज खाऊ दे. बंद खोलीत शेगडीची धुरी मात्र कोणी सुचवली तर सरळ नाही म्हण, तो धूर बाळाच्या छातीत जातो.

लोहाच्या गोळ्या तिने बंद केल्यात का ते विचार. बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक घ्यायची असते, कॅल्शियमही सहा महिने. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी सापडलं, शिकल्यासवरल्या घरांतल्याही त्यात होत्या. लोह आणि कॅल्शियम एका वेळी द्यायचं नाही, मध्ये दोन तास जाऊ देत. लोहाची गोळी लिंबू पिळलेल्या जेवणानंतर, आणि तिचा आवडता चहा त्यानंतर तासाभराने.

आता साखरेचं. सातव्या महिन्यात तिची साखर वाढली होती. अशा बाईची बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून तपासणी करायची असते, आणि तुमच्या धावपळीत ती राहून गेली आहे. या आठवड्यात करून घ्या. साखर आज ठीक निघाली तरी अशा बायकांना पुढे मधुमेहाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून तपासणी चालूच ठेवावी लागेल. वजन सावकाश उतरवणं तिच्यासाठी याकरता महत्त्वाचं आहे, कोणाच्या फोटोसाठी नाही. त्याच रक्तात हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही बघायला सांग. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी वाढवावी लागेल. केस गळणं या महिन्यांत बहुतेकींना होतं, पण त्याबरोबर खूप थकवा आणि धडधड असेल तर थायरॉइड बिघडलेलं असू शकतं.

चालायला हरकत नाही, संध्याकाळी बाळाला तू घे आणि तिला अर्धा तास एकटीला जाऊ दे. पोटाचे व्यायाम आत्ता नकोत. पोटाच्या मधल्या स्नायूंत फट राहिलेली असते, ती डॉक्टरांनी बघितल्याशिवाय पाठीवर झोपून उठायचे व्यायाम केले आणि जोर मारले तर पोट आणखी पुढे येऊ शकतं. पट्टा बांधून चरबी जात नाही, कंबरेला आधार वाटत असेल तर दिवसा थोडा वेळ बांधावा.

एक विचारायचं राहिलं. ती उगाच रडते का, बाळाजवळ जायचा कंटाळा करते का, बाळ झोपलेलं असूनही तिला झोप लागत नाही असं होतं का? पहिल्या दोन आठवड्यांत हे पुष्कळींना होतं, साडेतीन महिन्यांनी होत असेल तर तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत. जेवण सोडण्यामागे वजनापेक्षा हे असेल तर मला त्याच दिवशी फोन कर, रात्र असली तरी.

तिच्यासमोर "वजन" हा शब्द तू महिनाभर काढू नकोस. आरशासमोर उभी असेल तर थट्टा करू नकोस. ताट वाढ, शेजारी बस, ती जेवेपर्यंत बाळ तुझ्याकडे.

मी येत्या शनिवारच्या गाडीने निघते. कण्या, मेतकूट, बाळंतशेपा मी घेऊन येते, नारळ आणि हळीव तू आणून ठेव. रक्ताचे रिपोर्ट आले की फोटो काढून लगेच पाठव. सायलीला आणि बाळाला माझे आशीर्वाद सांग.

तुझी,
आई