चेरी काउंटीतून आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, गेल्या रविवारी "त्या माळावर आहे तरी काय?" असे तुम्ही विचारलेत आणि मी विषय बदलला, ते अजून मनाला लागून राहिले आहे. येथील गुरांच्या दवाखान्यातील कायमची नोकरी मी स्वीकारली आहे. सही करण्याआधी तुम्हाला विचारले नाही, याबद्दल क्षमा मागते. तुम्ही नको म्हणाला असतात तर माझा धीर सुटला असता.

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील ही काउंटी, म्हणजे येथला जिल्हाच, आकाराने जवळपास आपल्या पुणे जिल्ह्याएवढी, पण माणसे जेमतेम साडेपाच हजार. येथल्या मूळच्या लकोटा आदिवासींना हटवल्यावरही गुराखी या वाळूच्या टेकड्यांत शिरायला भीत असत. 1879 साली वादळात भरकटलेली गुरे शोधायला काही जण नाइलाजाने आत गेले, तेव्हा कोणाच्याही मालकीचा छाप नसलेली, गवतावर पोसलेली धष्टपुष्ट जनावरेही त्यांना सापडली. मग बड्या रँचवाल्यांनी, म्हणजे कुरणांवर गुरे पाळणाऱ्यांनी, सरकारी कुरणांनाच काटेरी तारा ठोकल्या. 1904 च्या किंकेड कायद्याने येथे पाच वर्षे राहून जमिनीत सुधारणा करणाऱ्याला 640 एकर मिळू लागले. आपल्याकडे एवढ्यात एखाद्या लहान गावाचे शिवार मावेल. येथे मात्र एका गाईला वर्षभर पंधरा-वीस एकर लागतात आणि नांगर घातला की वाळू उडू लागते. झाडे नसल्याने लोकांनी गवताच्या मुळांनी घट्ट धरलेल्या मातीचे चौकोन कापून घरे रचली. त्यांत गुलामगिरीतून सुटलेल्यांची मुले-नातवंडेही होती, त्यांनी डेविटी नावाची वस्ती वसवली. 1930 च्या दशकापर्यंत तीही उठली. बहुतेकांनी जमीन शेजारच्या रँचला विकून वाट धरली. परवा एका कुरणात तशा घराची जागा पाहिली. एक खळगा उरला आहे आणि कडेला कोणीतरी हौसेने लावलेले लायलॅकचे झुडूप अजून फुलते. आबांनी विहिरीवरचा तुकडा विकला त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हतात, ते मला तेथे उभी असताना आठवले.

जे टिकले, ते गवत राखून टिकले. आज येथे गाईंना गवत आहे, पवनचक्कीने हौदात पडणारे पाणी आहे, पण त्यांना पाहणारा डॉक्टर कित्येक मैलांवर असतो. पहाटे अडलेल्या कालवडीचे वासरू ओढून काढताना, गोठ्यात कंदील धरून उभे असलेले तुम्हीच मला दिसता, बाबा.

आई, घर उबदार आहे, तूरडाळ आणि तांदूळ घरपोच येतात, तुझा कुकर उत्तम चालतो आणि मी रोज गरम जेवते. तू दिलेली गोधडी थंडीत अजूनही डोक्यावरून घेते.

बाबांनी रक्तदाबाची गोळी चुकवू नये आणि रात्री गोठ्यात एकट्याने जाऊ नये. आई, गुडघा सुजला असताना तू मळ्यावर चालत जायचे नाही. रिक्षा सांगायची, पैशाचा विचार करायचा नाही. रागावून लिहीत नाही, येथून हात पोहोचत नाही म्हणून लिहिते.

ऑक्टोबरात वासरे दुधावरून तोडली की काम ओसरते, तेव्हा दिवाळीला महिनाभर येते. तोवर धाकटी पाडी विकू नका.

तुमची,
ताई